माल कुणाचा, सातबारा कुणाचा

पुण्यामुंबईच्या मॉलात डाळिंबाच्या खोक्यावर शेतकऱ्याचा फोटो छापतात. पागोटं, मिशी, हसरे दात. खाली लिहिलेलं, ‘थेट शेतातून’. पांढरपेशी बाई ते खोकं उचलते, चार पैसे जास्त मोजते आणि शेतकऱ्याचं भलं केल्याच्या समाधानात घरी जाते. तिच्यावर माझा राग नाही. मला त्या फोटोला विचारायचंय. गड्या, तू कोण? जमीन ज्याच्या नावावर तो, का झाडाला पाणी पाजून ज्याचं कंबरडं मोडलं तो?

मी निमगाव केतकीचा. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं, तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरचं, पानमळ्यांचं गाव. नीरा डावा कालवा १८८५ चा. वरच्या अंगाला बारामतीकडं पाणी आणि ऊस, शेपटाकडं इंदापूरच्या बाजूला नुसतं वाट बघणं. म्हणून ज्याच्याकडं दहा-वीस गुंठे आहेत तो पान लावतो, मेथी-कोथिंबीर करतो, डाळिंबाच्या चार ओळी धरतो. रोज खुडायचं, रोज विकायचं, त्यावर चूल पेटवायची. पान आणि भाजी थांबत नाही. सुकली की मातीमोल.

आता उसाचं बघा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, थकवले तर १५ टक्के व्याज. सगळे कारखाने पाळतात असं कोण म्हणेल? पण हातात कागद आहे, कागद घेऊन मोर्चा काढता येतो. लहान कारखानदाराला २००६ च्या कायद्यानं ४५ दिवसांची मुदत मिळवून दिली. मेथीच्या जुडीला असं कुठलं कवच आहे?

आमच्या भावकीतल्या एकानं वाट्यानं केलेल्या बागेची डाळिंबं एका बड्या दुकानदार कंपनीच्या संकलन केंद्रावर नेली. ४० क्रेट. त्यातले १४ परत. डाग आहे म्हणे, आकार बसत नाही म्हणे. परत आणायचं टेम्पोभाडं त्याच्याच बोकांडी. उरलेल्या मालाचे पैसे महिन्यानं आले, तेही मालकाच्या खात्यावर, कारण केंद्रावर सातबारा मागितला होता. मालकानं आधी उचल कापून घेतली, मग वाटा दिला. खोक्यावरचा फोटो अर्थातच ह्याचा नव्हता.

म्हणजे काय झालं ते नीट समजून घ्या, दोस्तांनो. सावकाराकडून शेकडा तीननं पैसे उचलणारा माणूस कोट्यवधीच्या कंपनीला महिनाभर बिनव्याजी कर्ज देतो! बाबासाहेबांनी १९१८ साली लहान धारणाक्षेत्रांवर निबंध लिहिला. शेत किफायतशीर आहे का नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्या शेताला भांडवल आणि श्रम किती मिळतात त्यावर ठरतं, असा त्यांचा मुद्दा. वीस गुंठेवाल्याचं भांडवल म्हणजे परवाच्या मालाचे पैसे. ते अडवले की पुढचं पीक अडलं.

आणि सातबारा मागताना कोण बाहेर पडतं? आपणच. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या १०० खात्यांपैकी ८६ खाती दोन हेक्टरच्या आतली. त्यातही अनुसूचित जातींच्या हातात देशातल्या कसल्या जाणाऱ्या जमिनीपैकी नऊ टक्केसुद्धा नाही. उरलेले आपले लोक मजुरी करतात, नाहीतर वाट्यानं कसतात. वाट्याचा कागद होत नाही, कारण कूळ लागेल ही भीती १९४८ च्या कूळकायद्यापासून मालकाच्या डोक्यात बसलीय. बायका तर कुठल्याच कागदावर नाहीत. पण शेतकरी उत्पादक कंपनीचा जो कायदा २००२ च्या दुरुस्तीनं आला त्यात शब्द ‘उत्पादक’ आहे, मालक नाही. हा शब्द गावोगाव वाचून दाखवला पाहिजे.

काही कॉम्रेड म्हणतील, भाजी कुठून घ्यावी ह्यानं जातिव्यवस्था मोडते काय? नाही मोडत. जमिनीचा प्रश्न जमिनीनंच सुटणार, त्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या १९६४-६५ च्या सत्याग्रहात लोक तुरुंगात गेले. पण खरेदीचे नियम काही देवानं लिहिलेले नाहीत. फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची रूढी होती. २०१६ च्या जुलैत ती खरेदीदारावर टाकली, व्यापाऱ्यांनी बंद पाळला, तरी टाकली. युरोपनं २०१९ साली नियम केला, नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांच्या आत, आणि ऐनवेळी ऑर्डर रद्द करायची नाही. तिथल्या बड्या दुकानांना जे ऐकावं लागतं ते इथल्यांना का नको?

तुमच्यातली कितीतरी पोरं ह्याच दुकानांत क्रेट उतरवतात, माल निवडतात, बिलं करतात. कुठला माल कशासाठी परत गेला हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. ते लिहून ठेवा, आमच्याकडं पाठवा, आम्ही छापू.

आणि आपण स्वतः काय कमी घाऊक खरेदीदार आहोत? १४ एप्रिलला वस्तीवस्तीत पंगती उठतात. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर पोत्यांनी लागते. वसतिगृहांच्या मेस वर्षभर चालतात. हा सगळा पैसा मार्केट यार्डातून कुणाच्या गल्ल्यात जातो, कधी विचारलंत? येत्या जयंतीला निदान कांदा आणि भाजी तरी गायरान कसणाऱ्याकडून, वाटेकऱ्याकडून घ्या. मंडळाच्या दोघांनी जानेवारीतच गावाला जाऊन किती माल, काय भाव ते ठरवावं, म्हणजे त्याला लागवडीचा अंदाज येईल. लहानमोठा माल मिसळून उचला, पंगतीला कांदा कापूनच जातो, त्याचा आकार कोण बघतो? टेम्पोभाडं मंडळाचं. माल उतरला त्याच संध्याकाळी पैसे, आणि पावतीवर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव.