प्रमाणपत्रासोबत पत्ताही द्या

मा. सचिव,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन



डिसेंबर २०२२मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला, तेव्हा विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांना वाटले होते की आता एका ठिकाणी विचारले की सगळे कळेल. तसे अजून झालेले नाही. तीन वर्षांच्या एखाद्या मुलात स्वमग्नतेची लक्षणे दिसली, तर त्याची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक करते आणि उपचार जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होतात. ही दोन्ही कामे आरोग्य विभागाची. अंगणवाडी महिला व बालविकासकडे. शाळेत गेल्यावर लागणारा विशेष शिक्षक समग्र शिक्षा योजनेतून, गटसाधन केंद्रामार्फत मिळतो, तर विशेष शाळा आपल्या विभागाकडे आहे. एक लाख रुपयांपर्यंतचे ‘निरामय’ विमासंरक्षण केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाकडून मिळते. दिव्यांगांसाठी राखायचा पाच टक्के निधी मात्र गावच्या ग्रामपंचायतीत असतो. यातली प्रत्येक सोय खरी आहे, कागदावर मंजूर आहे. पण एका खिडकीवरच्या माणसाला दुसऱ्या खिडकीची माहिती देणे बंधनकारक नाही, म्हणून हे सगळे धागे जुळवायचे काम घरातल्या माणसांवर, बहुतेकदा आईवर येते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की सेवा शोधण्याची जबाबदारी कुटुंबाची नसावी, शासनाची असावी. आणि हे शासनाला शक्य आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करताना पालक मुलाचे नाव, पत्ता, फोन, दिव्यांगत्वाचा प्रकार असे सगळे भरून देतात. म्हणजे मूल कुठे राहते हे शासनाला ठाऊक असते. सेवा कुठे मिळते हे मात्र कुटुंबाला ठाऊक नसते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हातात देताना त्या तालुक्यापुरते एक मराठी पान सोबत द्यावे: स्पीच थेरपी कुठे, कोणत्या वारी, विशेष शिक्षक कोण, फोन कोणता, निरामयचा अर्ज कोण भरून घेते, मूल अठराचे झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे कसे जायचे. हेच पान त्याआधी, तपासणीत पहिली शंका आली तेव्हाही मिळावे. थेरपी सुरू करायला प्रमाणपत्र लागत नाही, हे त्यावर सर्वांत वर, ठळक अक्षरांत हवे. लहान वयातले महिने फार मोलाचे असतात आणि ते प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या तारखेची वाट पाहण्यात जाऊ नयेत.

यावर उत्तर येईल की माहिती संकेतस्थळांवर आहेच. ती आहे, पण काय विचारायचे हे आधीच ठाऊक असलेल्यांसाठी. दोन वर्षांचे मूल बोलत नाही एवढेच ज्या घराला दिसते, ते घर योजनेचे नाव कुठून टाइप करणार? दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: तालुक्यात थेरपिस्टच नसेल, तर पानावर लिहायचे काय? ‘येथे सेवा नाही, सर्वांत जवळची सेवा अमुक ठिकाणी’ असे लिहावे. त्या ओळीने एखाद्या मजुराची बुडणारी रोजी आणि एसटीचा फुकट गेलेला हेलपाटा वाचेल. शिवाय अशा रिकाम्या जागा तालुकावार समोर आल्या, की पद कुठे भरायचे हे मागणीपत्रांवरून ठरणार नाही, गरजेवरून ठरेल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळकरी मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायला सांगितले आहे ते याच हेतूने: मुले शोधा, त्यांच्या गरजा ओळखा, त्या कितपत भागतात ते पाहा. मुले मोजून सेवा न मोजणे हे अर्धेच काम झाले.

कर्मचारी आधीच वाकले आहेत, ही तक्रारही खरी आहे. म्हणून हे काम आशाताई किंवा अंगणवाडीसेविकेच्या यादीत आणखी एक ओळ म्हणून ढकलू नये. जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्राच्या दिवशी बसणारी एक व्यक्ती नेमावी. पान देणे आणि महिन्याभराने फोन करून ‘पोहोचलात का, काम झाले का’ हे विचारणे तिचे काम असावे. मुलांच्या खासगीपणाला यात धोका नाही, कारण छापायची यादी सेवांची आहे, मुलांची नाही. फोनसाठी पालकांची संमती अर्जातच घेता येईल.

सगळीकडे एकदम जमणार नसेल, तर एका जिल्ह्यापासून सुरुवात करा. शक्यतो मुंबई-पुण्यापासून दूरच्या. दर तीन महिन्यांनी पान तपासले जावे, आणि ते कोणत्या तारखेला, कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने तपासले हे त्यावर छापलेले असावे.

आपली,
एक नागरिक