मुंग्या घालवा, पण चेहरे राखा

माळ्यावरच्या ट्रंकेत, कपाटाच्या तळाशी अजून कितीतरी घरांत व्हीएचएस कॅसेटी पडून आहेत. लग्नं, मुंजी, बारशी, दूरदर्शनवरून टेप करून ठेवलेली नाटकं. जगात व्हीसीआर बनवणारी अखेरची कंपनी म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई हिनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळे या कॅसेटी संगणकावर उतरवून घ्यायची घाई सुरू झाली आहे, आणि ती योग्यच आहे. पण या घाईत एक नुकसान होतं, आणि ते बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

कॅसेट उतरवताना सर्वांत जास्त खटकतात त्या अंधाऱ्या प्रसंगातल्या मुंग्या. सकाळच्या मुहूर्ताचं चित्रण बरं दिसतं. रात्रीची वरात लागली की पडदा वळवळू लागतो. कारण साधं आहे. उजेड कमी पडला की कॅमेरा हाती आलेला क्षीण सिग्नल वाढवून घेतो, आणि त्याबरोबर त्यातला गोंगाटही वाढतो. त्यात टेपच्या स्वतःच्या गोंगाटाची भर पडते. भरपूर उजेडात तो झाकला जातो. अंधारात मूळ सिग्नलच इतका कमी असतो की गोंगाट त्याच्या बरोबरीला येतो. व्हीएचएसवर रंगाचा तपशील तर फारच थोडा नोंदला जातो. म्हणून काळ्या कोटावर लाल-निळे डाग तरंगताना दिसतात.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे ब्राइटनेस उतरवणं. मुंग्या दिसेनाशा होतात, गिऱ्हाईक खूश होतं. प्रत्यक्षात काय होतं? डिजिटल व्हिडिओत काळ्याची पातळी १६ आणि पांढऱ्याची २३५ धरलेली असते. उतरवतानाच चित्र खाली ढकललं आणि गडद छटा तळाशी कापल्या गेल्या, की त्या सगळ्या मिळून एकच काळा रंग होतो. नंतर कितीही उजळवलं तरी त्या परत येत नाहीत.

दुसरा उपाय गाळणीचा, म्हणजे फिल्टरचा. मुंग्या प्रत्येक फ्रेममध्ये जागा बदलतात, खरं चित्र बदलत नाही. त्यामुळे लागोपाठच्या चार फ्रेमची सरासरी काढली तर असा स्वैर गोंगाट साधारण निम्म्यावर येतो. स्थिर दृश्यात ही युक्ती उत्तम चालते. पण माणसं हलतात. फिल्टर जोरात लावला की नाचणाऱ्याच्या हातामागे सावली ओढली जाते आणि चेहरे मेणाचे दिसू लागतात.

वरातीचंच दृश्य घ्या. हॅलोजनचा झोत नवरा-नवरीवर आहे. झोताच्या कडेला, अर्ध्या अंधारात, काळी टोपी घातलेले आजोबा उभे आहेत. जोरकस सफाईनंतर नवरीचा शालू झळकतो. आजोबांची टोपी, केस आणि मागची भिंत यांचा मात्र एकच गोळा होतो. नवरा-नवरीचे फोटो अल्बममध्ये असतात. आजोबांचं हलतं-बोलतं चित्र कदाचित तेवढं एकच असतं. म्हणून अंधाराच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांसाठी थोड्या मुंग्या सहन कराव्यात, हे मत ठामपणे मांडायला हवं.

आणखी एक गोष्ट. कॅसेट थेट डीव्हीडीच्या किंवा मोबाइलच्या लहान फाइलमध्ये उतरवली, तर अंधारातला खेळ आणखी बिघडतो. प्रत्येक फ्रेममध्ये नवा ठिपका दिसला की कॉम्प्रेशन त्याला हालचाल समजतं आणि डेटा त्यावरच खर्च करतं. मग खऱ्या चित्राच्या वाट्याला काही उरत नाही आणि काळोखात चौकोन उमटतात. यासाठी आधी हफवायूव्ही किंवा एफएफव्ही१ यांसारख्या, काहीही न गमावणाऱ्या पद्धतीत चित्र साठवावं. आपल्याकडच्या पाल पद्धतीचं ७२० बाय ५७६ चं चित्र अजिबात न दाबता ठेवलं, तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. या पद्धतींत ते साधारण निम्म्यात बसतं. म्हणजे तीन तासांच्या सात-आठ कॅसेटी एक टीबीच्या डिस्कवर मावतात.

क्रम असा असावा: व्हीसीआरचं हेड स्वच्छ, सोय असेल तर एस-व्हिडिओची केबल, गडद भाग कापला जाणार नाही अशी पातळी, मग मूळ फाइल जपून ठेवणं, आणि सफाई फक्त तिच्या प्रतीवर, हलक्या हाताने. फिल्टर दर दोन-चार वर्षांनी सुधारतात. मूळ फाइल हाताशी असेल तर उद्याचा चांगला फिल्टर लावता येईल. ती नसेल तर तोवर कॅसेटवरची टेप वाजवण्याजोगी राहील याची खात्री नाही.

तेव्हा कॅसेट दुकानात देताना दोनच गोष्टी स्पष्ट सांगा. सफाई करण्याआधीची फाइल आम्हाला हवी, आणि अंधाऱ्या प्रसंगाचा एक मिनिटाचा नमुना आधी दाखवा. त्या नमुन्यात कडेला उभी असलेली माणसं ओळखू येत असतील, तरच पुढचं काम करायला सांगा.