उसन्या सुरांचा खटला

‘विल्यम्सने हे सारे चोरलेले आहे,’ हे वाक्य आम्ही आजवर इतक्या तोंडून ऐकले आहे की, ते पहिल्याने कोणी उच्चारले ह्याचा शोध लावणे आता दुरापास्त झाले आहे. ज्यांचा ह्या विषयाशी परिचय नाही अशा वाचकांस एवढेच सांगतो की, ‘स्टार वॉर्स’ नावाची जी अमेरिकन विज्ञानकथापटांची मालिका १९७७ साली सुरू झाली, तिच्या मुख्य कथेच्या नऊही चित्रपटांचे पार्श्वसंगीत जॉन विल्यम्स ह्या एकाच गृहस्थांनी रचिले. नववा चित्रपट २०१९ च्या डिसेंबरात निघाला, तेव्हा त्यांचे वय सत्त्याऐंशी होते. हे संगीत मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिलेले असून त्याचे चाहते जगभर पसरलेले आहेत. आमच्या महाविद्यालयातही आहेत. व्हरांड्यात त्यांचा अड्डा जमला म्हणजे तास चुकतात, आणि ते तास पुष्कळदा आमचेच असतात. तेव्हा ह्या मंडळींचे काय चालते ते पाहण्याचा आम्हांस थोडासा हक्क आहे, असे आम्ही समजतो.

ह्या चाहत्यांत दोन पंथ आहेत. एक पोलिसांचा व दुसरा पुजाऱ्यांचा. पोलिस कानात प्राण आणून ऐकतात. पण ते कोणता सूर कोणाच्या घरातून पळविला ह्याचा माग काढण्यापुरते. पुजारीही कानात प्राण आणूनच ऐकतात. पण ते कोणती सुरावट कोणत्या पात्राची ह्याचा जप करण्यापुरते. दोघांचाही एकमेकांवर मोठा राग. आमचे म्हणणे असे की, दोघेही एकाच दुकानात बसले आहेत. सुराला नाव मिळाले की दोघांचेही ऐकणे संपते.

आम्ही स्वतः ह्या पापातून मुक्त आहोत असे मात्र कोणी समजू नये. विद्यार्थिदशेत एका मित्राच्या घरी आम्ही हे संगीत प्रथम ऐकले ते कॅसेटवर. चित्रपट पुढे कित्येक महिन्यांनी पाहिला. त्या कॅसेटने आमची झोप उडविली. पण पुढे कोठूनशी गुस्टाव्ह होल्स्ट ह्यांच्या ‘द प्लॅनेट्स’ची ध्वनिमुद्रिका हाती आली, आणि त्या दिवसापासून आमच्यात जी विद्वत्ता संचरली ती विचारू नये! चारचौघांत विल्यम्सचे नाव निघाले की आम्ही ‘होल्स्ट!’ म्हणून ओरडावे, लोकांनी आमच्याकडे आदराने पाहावे, आणि कॅसेट तशीच पेटीत पडून राहावी, असे निदान दोन वर्षे चालले होते. ती दोन वर्षे आम्ही काही ऐकले नाही. ह्या लेखात जो थोडाफार त्वेष दिसेल, तो त्या गमावलेल्या दोन वर्षांचा आहे.

आता फिर्याद पाहू. १९४२ साली ‘किंग्ज रो’ नावाचा चित्रपट आला. त्याचे संगीत एरिख वोल्फगांग कोर्नगोल्ड ह्यांचे. त्याच्या नामावलीवर वाजणारी सुरावट आणि ‘स्टार वॉर्स’ची सुप्रसिद्ध सलामी ह्या दोन सख्ख्या बहिणी वाटाव्यात इतक्या सारख्या आहेत. हे साम्य नाकारणे म्हणजे कान नाकारणे होय. पितळी वाद्यांचा तोच डौल, आरंभीची तीच धाटणीची झेप. पण पुढे? विल्यम्स ह्यांची सुरावट षड्जावरून एकदम पंचमावर जाते, तेथून तीन स्वरांनी झरझर खाली घसरते, आणि घसरण पुरी होते न होते तोच तार षड्ज गाठते. मग थांबत नाही. तीच घसरण, तीच उडी पुन्हा, आणि पुन्हा. घरातून पळून जाण्यास निघालेल्या पोराची अधीरता तीत आहे. कोर्नगोल्ड ह्यांची सुरावट ऐसपैस आहे. ती सिंहासनावर बसलेली आहे. (‘किंग्ज रो’ हे एका अमेरिकन गावाचे नाव आहे, कोर्नगोल्ड ह्यांनी ते वाचून राजेरजवाड्यांची कथा असेल असे समजून सलामी रचिली, अशी एक आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, संगीत ऐकताना पटते.) पहिली दोन पावले एकाच वाटेवर पडली म्हणून दोन प्रवासी एकाच गावी पोचले असे म्हणता येत नाही.

आणि ही वाट तरी कोर्नगोल्ड ह्यांच्या मालकीची होती काय? व्हिएन्नात वाढलेला हा मनुष्य. माहलर व रिखार्ड श्ट्राउस ह्यांच्या वाद्यवृंदाची भाषा त्यांच्या हाडीमांसी खिळलेली. १९३४ पासून ते हॉलिवुडसाठी काम करू लागले. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, आणि जन्माने यहुदी असलेल्या ह्या संगीतकारास परतीचा रस्ता उरला नाही. त्यांनी व त्यांच्यासारख्या इतर निर्वासितांनी ती भाषा अमेरिकन चित्रपटात रुजविली. म्हणजे कोर्नगोल्डही एक भाषाच बोलत होते, आणि ती त्यांना वारशाने मिळाली होती. ओवीत लिहिणाऱ्या प्रत्येक कवीवर ज्ञानेश्वरांच्या घरी दरोडा घातल्याचा आरोप आपण ठेवीत नाही. मग येथेच हे फौजदारी कलम कोठून आले?

१९७७ साली ही जुनी भाषा बोलणे हे सुरक्षित धोरण होते असेही नाही. विज्ञानकथेचा चित्रपट म्हणजे विचित्र ध्वनींचे यंत्र हवे, असा एक समज रूढ होता. १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’चे सबंध संगीत लुई व बेबी बॅरन ह्या दांपत्याने विजेच्या उपकरणांतून काढले होते. विल्यम्स व दिग्दर्शक जॉर्ज लुकस ह्यांनी उलट पक्ष घेतला. डोळ्यांना जे जग सर्वस्वी परके, त्यात कानांना तरी ओळखीची जागा असावी, हा त्यांचा विचार. त्यासाठी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा डेनहॅमच्या स्टुडिओत बसविला गेला. मॉरिस मर्फी हे त्या वृंदात मुख्य ट्रंपेटवादक म्हणून नुकतेच रुजू झाले होते, आणि त्यांचे तेथील पहिलेच काम म्हणजे ही सलामी. जगाच्या कानात आज जो ट्रंपेट घुमतो आहे तो ह्या एका माणसाच्या फुफ्फुसातला आहे. आमच्या व्हरांड्यातील पोलिसांना कोर्नगोल्ड पाठ आहे, पुजाऱ्यांना प्रत्येक अवकाशयानाचे नाव पाठ आहे. मर्फी कोण हे दोघांपैकी एकासही सांगता आले नाही.

होल्स्ट ह्यांचे प्रकरण अधिक गंभीर आहे, हे आम्ही कबूल करतो. चित्रपटाच्या प्रारंभीच्या रणवाद्यांत ‘मार्स’ ह्या खंडाचे ठोके इतके उघड ऐकू येतात की, तेथे परंपरा, भाषा वगैरे शब्दांची ढाल पुरी पडत नाही. पण येथेच पोलिसांनी आपला तपास अर्ध्यावर सोडला आहे. चित्रपटाचे संकलन चालू असता दिग्दर्शक त्यावर जुन्या ध्वनिमुद्रिका तात्पुरत्या लावून पाहतो. ह्या प्रकारास त्या धंद्यात ‘टेंप ट्रॅक’ म्हणतात. महिनोन्‌महिने त्याच सुरांवर चित्र पाहून त्याचे कान त्यालाच सरावतात, आणि मग तो संगीतकारास बोलावून म्हणतो, असेच हवे. मात्र हे नको. लुकस ह्यांनी आपल्या चित्रपटावर असेच अभिजात संगीत लावले होते. होल्स्ट त्यात होते. किंबहुना तेच जुने संगीत कायम ठेवावे असाही त्यांचा प्रथम विचार होता. नव्याने रचलेल्या सुरावटी चित्रपटभर वाढवता, मोडता, बदलता येतील, हे त्यांना पटविले ते विल्यम्स ह्यांनी. ज्याने दिग्दर्शकास उसनवारीपासून परावृत्त केले त्यासच उसनवारीबद्दल सुळी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते ह्यालाच.

ह्यावर कोणी म्हणेल की, स्टॅन्ली कुब्रिक ह्यांनी १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’त अॅलेक्स नॉर्थ ह्यांचे नवे संगीत फेकून देऊन तात्पुरत्या ध्वनिमुद्रिकाच ठेवल्या, आणि परिणाम अद्भुत झाला. झाला खरा. पण नॉर्थ ह्यांना आपले संगीत गेले हे चित्रपट पाहतानाच कळले, हेही त्याबरोबर सांगावे. चांगले फळ आले म्हणून झाड कोणाच्या अंगणात लावले हे विचारूच नये काय?

उसन्या सुरांबद्दल मराठी माणसाने तरी जरा जपून बोलावे. आमच्या संगीत नाटकांची जुनी पुस्तके उघडून पाहा. पदापदावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा निर्देश छापलेला आढळेल. ठुमरी, लावणी, साकी, दक्षिणेकडील चिजा, कोणाचे वावडे म्हणून नव्हते. आणि त्या चालींवर जे उभे राहिले त्यावर आमच्या तीन पिढ्या पोसल्या. फरक एवढाच की, आम्ही चाल कोठली ते पदाच्या डोक्यावर छापीत होतो. ‘स्टार वॉर्स’च्या नामावलीत तशी ओळ नाही, आणि ती असती तर बरे झाले असते, हे आम्ही पोलिसांना मोकळ्या मनाने देतो. स्वतः होल्स्ट ह्यांनी संस्कृत शिकून ऋग्वेदातील सूक्ते स्वरबद्ध केली, महाभारतातील सावित्रीवर ऑपेरा रचिला. आपली सावित्री चोरीस गेल्याची वर्दी अद्याप कोणी दिलेली नाही.

आता पुजारी. ह्यांचे शास्त्र असे की, प्रत्येक सुरावट एका पात्राची किंवा कल्पनेची खूण आहे. ती ओळखली की संगीत कळले. वाग्नरच्या ऑपेरापासून हे तत्त्व चालत आलेले आहे व विल्यम्स ह्यांनी ते उघडपणे वापरले आहे, तेव्हा शास्त्र खोटे नाही. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाचे फ्रँक लेमन ह्यांनी ह्या सुरावटींची जी सविस्तर सूची केली आहे, ती आम्ही आदराने वापरतो. पण सूची हे साधन आहे. पंचांग पाठ म्हणून पाऊस कळला असे होत नाही.

एक उदाहरण देतो. आमच्या मते ह्या सबंध वादाचा निकाल त्यात आहे. पहिल्या चित्रपटात वृद्ध बेन केनोबी मारला जातो. त्याची स्वतःची सुरावट तयार आहे. पुजाऱ्यांच्या शास्त्राप्रमाणे येथे तीच हवी. वाजते ती राजकन्या लेआची! लेआचा त्या मृत्यूशी तसा काही संबंध नाही. विल्यम्स ह्यांनी स्वतः दिलेला खुलासा साधा आहे: त्या सुरावटीत सर्वांत मोठा आवेग होता, म्हणून ती घेतली. शास्त्रापुढे कान मोठा ठरला. पुजारी ह्या जागी आल्यावर एकतर गप्प बसतात किंवा ‘लेआच्या मनातील दुःख’ वगैरे टीका रचतात. तीच गत त्या बेनच्या सुरावटीची. १९७७ साली तिचे नाव ‘बेनची सुरावट’. पुढे सर्व जण तिला ‘फोर्स’ची, म्हणजे त्या कथेतील दैवी शक्तीची, सुरावट म्हणू लागले. दोन सूर्यांच्या अस्ताकडे पाहत ल्यूक उभा आहे, ह्या प्रसंगी विल्यम्स ह्यांनी प्रथम निराळेच संगीत लिहिले होते. लुकस ह्यांच्या सूचनेवरून ते बदलून ही सुरावट आली. तो पहिला मसुदा १९९७ पासून ध्वनिमुद्रिकेवर उपलब्ध आहे. दोन्ही पाठोपाठ ऐकावे. पहिल्यात संध्याकाळ आहे, दुसऱ्यात त्या मुलाचे सबंध न जगलेले आयुष्य आहे. हा फरक ‘फोर्स’ ह्या नावाने कळत नाही. तो हॉर्नच्या एकाकी स्वराने आणि मागून चढत येणाऱ्या तंतुवाद्यांनी कळतो.

आमच्याकडील पुजाऱ्यांचा एक पोटभेद आहे. त्याविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. १९९९ च्या ‘द फँटम मेनेस’मध्ये द्वंद्वाच्या प्रसंगी एक समूहगान आहे, आणि त्याचे शब्द संस्कृत आहेत. झाले! लगेच ‘वेदांची शक्ती पाश्चात्त्यांनाही पटली’ म्हणून छात्या फुगल्या. वस्तुस्थिती अशी की, ती एका जुन्या वेल्श काव्यातील कल्पना. ती रॉबर्ट ग्रेव्ह्ज ह्यांच्या ‘द व्हाइट गॉडेस’ ह्या १९४८ च्या ग्रंथातून घेतली, तिचे संस्कृतात भाषांतर करविले, आणि मग अक्षरे नादाच्या सोयीने मागेपुढे केली. व्याकरण त्या झटापटीत धारातीर्थी पडले. अन्वय लावू पाहणाऱ्या पंडिताच्या हाती काही लागत नाही, आणि ज्याने पाणिनीची दोन पाने वाचली आहेत त्यास ते थोडे टोचतेही. तथापि ‘अर्थहीन बडबड’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना आम्ही विचारतो: तराण्यातील अक्षरांचा अर्थ तुम्ही कोणत्या कोशात पाहता? तेथे कंठ हेच वाद्य असते. येथेही तेच आहे. अभिमान धरावयाचा तर आपल्या स्वरवर्णांच्या खणखणीतपणाचा धरावा. वेदांना ह्यात ओढू नये.

पोलिस व पुजारी ह्यांचे हे भांडण रंगात आले असता खरा अपराध कसा निसटतो, ते २००२ च्या ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’मध्ये पाहावे. त्याच्या अखेरच्या युद्धप्रसंगाचा पुष्कळसा भाग १९९९ च्या ध्वनिमुद्रणातील तुकडे कापून, जोडून भरलेला आहे. जिवंत संगीतकार, जिवंत वृंद हाताशी असता मोठ्या प्रसंगावर तीन वर्षांपूर्वीची कात्रणे! काही जाणत्या चाहत्यांनी ह्याविरुद्ध तक्रार केली. त्यांना आमचा नमस्कार. पण आमच्या व्हरांड्यात हा विषय आम्ही काढला, तेव्हा एका पुजाऱ्याने त्या कात्रणांतील सुरावटींची नावे क्रमवार म्हणून दाखविली, आणि एका पोलिसाने हसून सांगितले, “सर, ह्या वेळी निदान स्वतःचेच चोरले.”

आम्ही त्या दोघांना घरी बोलाविले आहे. ‘किंग्ज रो’ची ध्वनिमुद्रिका आमच्याकडे आहे, ती प्रथम लावू, आणि मध्येच कोणी नाव उच्चारले तर चहा मिळणार नाही असे बजावून ठेवले आहे.