धीर देणाऱ्यांस धीर कोण देणार?

अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीच्या इर्विनमध्ये ज्यांनी आपल्या माणसाच्या उशाशी रात्र काढली आहे, त्यांना ठाऊक आहे की, अपरात्री हाकेला धावून येणारी व्यक्ती बहुधा विशी-पंचविशीतली असते. कधी ती निवासी डॉक्टर असते, कधी आंतरवासी, तर कधी परिचर्येची विद्यार्थिनी. नातेवाईक तिच्याकडून धीराच्या शब्दाची अपेक्षा करतात आणि तो न मिळाल्यास संतापतात. परंतु या मुलांना धीर देणारे कोणी आहे काय?

२०१९ साली मुंबईत शिकत असलेल्या डॉ. पायल तडवी या जळगावच्या तरुण डॉक्टरच्या मृत्यूने सारा महाराष्ट्र हळहळला. परंतु हळहळ ओसरते आणि वॉर्डातली रात्र तशीच राहते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने २०२४ साली विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याची पाहणी केली. तीत उत्तरे देणाऱ्या २५ हजारांहून अधिक पदवी-विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले. निवासी डॉक्टरांस आठवड्यास ७४ तासांहून अधिक काम देऊ नये, अशी शिफारसही या गटाने केली. वास्तविक केंद्र सरकारने १९९२ सालीच ही मर्यादा सर्वसाधारणपणे ४८ तास ठरविली होती! बत्तीस वर्षांनंतर ७४ तासांची विनवणी करावी लागावी, यावरून तो आदेश कागदावरच किती स्वस्थ निजला होता, हे दिसून येते.

रुग्णाशी कसे बोलावे, हा विषय २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात आला, हे योग्यच झाले. परंतु आमच्या वऱ्हाडातील वॉर्डात हा धडा पुस्तकातल्याइतका सोपा नाही. अन्य प्रांतांतून आलेल्या मुलांना वऱ्हाडी बोली समजत नाही आणि मेळघाटातून आलेल्या कोरकू मातेचे बोलणे तर मराठी मुलांनाही उमगत नाही. त्यातून चूक झाली की रुग्णादेखत बोलणी बसतात आणि पुढच्या खेपेस तो विद्यार्थी शंका विचारावयास धजत नाही. त्या न विचारलेल्या शंकेची किंमत अखेर रुग्णच मोजतो.

'आम्हीही हे सारे सोसले,' असे ज्येष्ठ म्हणतील. त्यांनी सोसले, हे खरे. परंतु जे सोसू शकले नाहीत, त्यांची मोजदाद कोणी ठेवली? शिस्त हवीच. मात्र दरारा म्हणजे शिस्त नव्हे.

आमची मागणी मोठ्या खर्चाची नाही. कामाच्या पाळ्यांचे तास दर्शनी फलकावर लावावेत. वॉर्डात मृत्यू घडल्यास त्या पाळीतील विद्यार्थ्यांशी वरिष्ठाने पंधरा मिनिटे बसून बोलावे. समुपदेशक असा असावा की, ज्याच्या हाती परीक्षेचे गुण नाहीत. कोरकू जाणणारा दुभाषी रात्रीही उपलब्ध असावा. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहात ठळक लिहावा. पण दूरध्वनीवरील आवाजाने शेजारच्या वरिष्ठाची जबाबदारी संपत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

अमरावतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ सालीच सुरू झाले आहे. तेथील प्रथा अद्याप पडावयाच्या आहेत. वाईट प्रथा मोडण्यास पिढ्या लागतात. चांगली प्रथा पाडण्याची संधी मात्र आज अधिष्ठात्यांच्या हाती आहे. ती त्यांनी दवडू नये.