द्राक्षे आमची, जीभ उसनी

गेल्या माघात आम्ही रजा घेऊन काशीहून पश्चिम काशीस, म्हणजे नाशिकास, गेलो होतो. मेहुण्यांच्या आग्रहास्तव तेथील एका द्राक्षमळ्यात वाइन चाखविण्याचा जो कार्यक्रम होतो तो पाहावयास गेलो. चाखविणारा तरुण नाशिक जिल्ह्यातलाच. दारापासून मेजापर्यंत तो अस्सल मराठीत बोलत आला. द्राक्षवेलीची छाटणी केव्हा होते, पाणी केव्हा तोडतात, थंडी सरता सरता घड कसे उतरवितात, हे सर्व त्याने इतक्या गोडीने सांगितले की आम्ही रंगून गेलो. परंतु पेला हाती येताक्षणी त्याची भाषा पालटली. पांढऱ्या वाइनीत ‘गूजबेरी’ आहे, तांबड्या वाइनीत ‘ब्लॅककरंट’ आहे, असे तो इंग्रजीत पढवल्यासारखे म्हणू लागला. ‘‘गूजबेरी आपण कधी खाल्ली आहे काय?’’ असे आम्ही विचारले. तो बिचारा प्रामाणिक होता. ‘‘नाही साहेब, पुस्तकात असं लिहिलंय,’’ म्हणाला. आम्ही पेला पुन्हा हुंगला आणि म्हणालो, ‘‘आम्हांला तर अर्धवट पिकलेल्या पेरूचा वास येतो.’’ यावर मंडळी हसली. तो हशा आम्ही दुर्गाघाटापर्यंत बरोबर आणला आहे, आणि हा लेख म्हणजे त्या हशास दिलेले उत्तर आहे.

आमचे म्हणणे एवढेच आहे : जे पेय आमच्या मातीत पिकलेल्या द्राक्षांपासून आमच्याच माणसांनी केले, त्याची चव सांगावयास आम्ही न चाखलेल्या फळांची नावे उसनी घेतो, ही रसिकता नव्हे, ही लाचारी आहे.

उसनवारीचा हा माल एकदा उजेडात धरून पाहू. इंग्रजांची गूजबेरी हे थंड देशांतील एका काटेरी झुडपाचे फळ. आपला आवळा तो नव्हे, आणि काशीच्या बाजारात थंडीत पानांच्या टोप्या घालून बसणारी रसभरीही तो नव्हे. ब्लॅककरंटची ओळख आपल्यांतील बहुतेकांस आइस्क्रीमच्या पेल्यातूनच झालेली. म्हणजे ज्या फळाची आपणांस केवळ कारखान्यात केलेली नक्कल ठाऊक, त्याचा दाखला देऊन आपण दुसऱ्या पदार्थाच्या अस्सलपणाची ग्वाही देतो! अमेरिकेत तर १९११ च्या सुमारास या झुडपांच्या लागवडीवर बंदी आली, कारण पाइन वृक्षांवरील एका रोगास ती आश्रय देत. पुढे कित्येक वर्षे तेथील सामान्य माणसाने हे फळ पाहिलेही नाही. शब्द मात्र पोपटपंचीने चालू राहिला.

आता कोणी म्हणेल, हे शब्द शास्त्रीय आहेत. शास्त्राचीच साक्ष काढू. ‘सॉव्हिन्यों ब्लाँ’ या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनीला जो उग्र फळगंध असतो, तो देणारी काही गंधकयुक्त द्रव्ये पेरूच्या वासातही सापडतात. म्हणजे ज्या उत्तरास मंडळी हसली ते रसायनशास्त्राच्या कसोटीस उतरते. काही तांबड्या वाइनींत जो हिरवट वास येतो तो देणारे द्रव्य आपल्या ढोबळ्या मिरचीतही आहे; आणि शिराझच्या वाइनीत मिरीचा भास होतो तो नुसता भास नसून, मिऱ्यांतीलच एक सुगंधी द्रव्य तीत असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. मिरी तर आमच्या मलबारची!

दुसरी साक्ष फ्रान्सची. बोर्दो येथे वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांपुढे एक पांढरी वाइन आणि तीच वाइन गंधहीन तांबडा रंग घालून, अशी ठेवण्यात आली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाचा निष्कर्ष असा की, रंगविलेल्या पेल्याचे वर्णन विद्यार्थ्यांनी तांबड्या वाइनीच्या शब्दांत केले. नाकाने डोळ्याची री ओढली. यावरून वाइनचे वर्णन हे निव्वळ थोतांड आहे, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, चवीचे शब्द आकाशातून पडत नाहीत. एका समाजाने आपसांत केलेला तो करार असतो. फ्रेंचांनी आपल्या कुंपणावरची फळे, आपल्या अरण्यातील पाचोळा, आपल्या लाकडाची पिंपे यांवरून शब्द घेतले. त्यांनी स्वतःच्या परसात पाहिले. आपण मात्र त्यांच्याच परसात डोकावतो.

आणि आपले परस काय ओसाड आहे? ज्या काशीत आम्ही नोकरीनिमित्त येऊन राहिलो आहो, तिचा राजा दिवोदास हाच सुश्रुताचा गुरू, अशी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात द्रवद्रव्यांचा जो अध्याय आहे, त्यात द्राक्षांपासून केलेल्या ‘मार्द्वीक’ मद्याचे गुण दिले आहेत. ते मधुर, रूक्ष, लघु आणि ‘कषायानुरस’ असल्याचे तेथे म्हटले आहे. ज्यास आज इंग्रजीत ‘ड्राय’, ‘लाइट’ आणि ‘फिनिश’ म्हणून मिरविले जाते, ते तिन्ही विचार या तीन शब्दांत आलेले नाहीत काय? घोट गिळल्यावर मागे रेंगाळणारी चव म्हणजे अनुरस. इतका नेमका शब्द घरात असता आपण ‘आफ्टरटेस्ट’ म्हणत फिरतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी द्राक्षमद्याची नावे त्याच्या जन्मदेशावरून सांगितली आहेत : कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. तेथील मधाचे हे नाव पाणिनीच्या सूत्रातूनही सिद्ध होते. मद्यास गावाचे नाव लावण्याचा जो मान फ्रान्सच्या खात्यावर मांडला जातो, त्याची नोंद आपल्या दप्तरात फार जुनी आहे. आज ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते त्याच वाटेवरचे पाऊल होय.

परंतु आमची भिस्त संस्कृतावर नाही. पदनामकोशाच्या धर्तीवर कोणी ‘किण्वित द्राक्षपेय-आस्वादन-परिभाषा’ रचू लागला, तर त्याला विरोध करणारे आम्हीच पहिले असू. कचेरीत बसून घडविलेल्या शब्दांचे काय होते, हे टिपणे लिहिता लिहिता केस पिकू लागलेल्या आम्हां कारकुनांइतके कोणास ठाऊक? आम्ही बोट दाखवितो ते स्वयंपाकघराकडे. नुसत्या आंबटपणाच्या मराठी पायऱ्या पाहा : आंबूस, आंबटगोड, आंबट, आंबटढाण. चव नसल्याच्या तऱ्हा पाहा : अगोड, सपक, पाणचट, मचूळ, मिळमिळीत. वास बिघडला तर खवट, कुबट, कोंदट, करपट. साधला तर खमंग, खरपूस. इंग्रज एका ‘जॅस्मिन’वर भागवितो, तेथे आपली माळीण मोगरा, जाई, जुई, सायली अशा वेगळाल्या पुड्या बांधते. बूच बिघडल्याने वाइनीस ओल्या पुठ्ठ्यासारखा जो वास येतो, त्यास ‘कुबट’ हा एकच शब्द पुरतो. तांबड्या वाइनीच्या गडद फळगंधास जांभूळ, करवंद, तुती, आमसूल ही नावे रांगेने उभी आहेत.

तांबडी आणि पांढरी यांतील मुख्य भेदही आपल्या जिभेस परका नाही. तांबडी वाइन सालीबियांसह आंबवितात. म्हणून रंगाबरोबर तुरटपणाही उतरतो. पांढऱ्या वाइनीचा रस सालीपासून आधीच वेगळा करतात. म्हणून ती तुरट न होता आंबटपणावर उभी राहते. हा तुरटपणा आपण हिरड्यात, सुपारीत, चहात आणि काशीच्या पानातल्या कातात रोज भेटतो. तो लाळेस बांधून टाकतो आणि जीभ खरखरीत करतो. पानात कात चिमूटभर जास्त झाला तर येथला सामान्य नावाडीही पानवाल्यास जाब विचारील. अशा नगरीत राहून ‘टॅनिन’ समजण्यासाठी परदेशी पुस्तक उघडावे लागावे, हे नवल नव्हे काय?

नाना फडणविसांच्या वाड्याजवळच, आम्ही राहतो त्या गल्लीत, एक वृद्ध मराठी आजी आहेत. तीन पिढ्या काशीत गेल्या, तरी कोणी कोकणातून आमसुले आणली की त्या एक जिभेवर ठेवतात आणि डोळे मिटतात. मग निकाल देतात : ‘‘रंग धरलाय, पण रसाची पुटं कमी दिलीत. अन् उन्हं पुरती लागली नाहीत, मागून कुबटतंय.’’ म्हाताऱ्या बाईने पदार्थाची घडण, उणीव आणि अनुरस तीन वाक्यांत सांगितला. वाइन चाखणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते? आजींनी आयुष्यात मद्यास स्पर्श केलेला नाही, आणि चाखण्याच्या कलेस त्याची गरजही नाही.

येथे सोवळ्या मंडळींचा आक्षेप येणार. भागीरथीच्या काठी बसून मद्याची चर्चा! त्यांस आमचे उत्तर असे की, आम्ही कोणास पिण्यास सांगत नाही. आम्हांस १९६४ च्या आचरण नियमांतील बाविसावा नियम ठाऊक आहे. राज्यघटनेचे ४७ वे कलम ठाऊक आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा नाव बदलून महाराष्ट्रात अद्याप उभा आहे, हेही ठाऊक आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्हीही पाहिली आहेत. परंतु त्याच महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगास उत्तेजन देणारे धोरण आखले. नारायणगाव, दिंडोरी, नाशिक येथील मळ्यांवर कित्येक कुटुंबांची चूल पेटते. २७ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नव्हे, यावर केवढे रण माजले! त्या रणात दोन्ही पक्षांपाशी शब्द होते ते दोनच : एक ‘दारू’ हा शिवीवजा, दुसरा ‘वाइन’ हा परका. मराठी बायबलाने जपलेला ‘द्राक्षारस’ कोणास आठवला नाही. ज्या वस्तूस नाव देता येत नाही, तिचा निषेधही धड करता येत नाही. बंदीवाल्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा : परदेशी गिऱ्हाइकास ‘करवंद’ कसे समजणार? तो जसे आपणांस ‘ब्लॅककरंट’ समजावीत आला, तसे आपण त्यास करवंद समजावून द्यावे. समजावून देणे म्हणजेच व्यापार. मुकाट्याने अनुवाद करीत राहणे म्हणजे हमाली.

हा सर्व खटाटोप कशासाठी, असे परमुलखात नोकरी करणाऱ्या आमच्या बांधवांनी विचारले, तर एक घरगुती गोष्ट सांगतो. परवा घाटावरून येताना आमच्या सात वर्षांच्या कन्येस जांभळे घेऊन दिली. ‘‘कशी लागतात?’’ म्हणून विचारले. जिभेचा जांभळा शेंडा दाखवीत ती म्हणाली, ‘‘बाबा, कसैली!’’ शब्द वाईट नाही. कषायापासूनच तो आला आहे आणि ज्या प्रांताचे मीठ आम्ही खातो त्याचा आहे. पण ‘तुरट’ हा शब्द तिला ठाऊकच नव्हता, आणि दोष तिचा नव्हता. आमच्या घरात तो शब्द कित्येक महिन्यांत कोणी उच्चारलाच नव्हता. नाशिकच्या त्या तरुणावर हसण्याचा आमचा हक्क त्या क्षणी संपला.

शब्द जिभेवर ठेवला नाही तर तो दप्तरातल्या जुन्या फायलीसारखा सापडेनासा होतो. म्हणून आमची विनंती वाइन पिणाऱ्यांस आहे, तशीच न पिणाऱ्यांसही आहे. पेला असो, पान असो, आमसुलाचे सार असो. घोट घ्या, थांबा, आणि काय लागले ते आपल्या शब्दांत मोठ्याने सांगा. कोणी हसले तर हसू द्या. आम्ही त्या संध्याकाळी कन्येस दुसरे जांभूळ दिले आणि तिच्याबरोबर एक स्वतःही खाल्ले. ते तुरट होते.