आवर्तसारणीतला सीमाप्रश्न

सीमाप्रश्न म्हटला की आपल्या भागातला माणूस कान टवकारतो. पण मी ज्या सीमाप्रश्नाविषयी लिहिणार आहे, त्यात मराठी विभाग आणि कन्नड विभाग यांनी हमरीतुमरीवर यावे असे काही नाही. वाद एका घराचा आहे, आणि ते घर आहे आवर्तसारणीच्या तिसऱ्या गणात, यिट्रियमच्या बरोबर खाली.

आमच्या प्रयोगशाळेतील जुन्या तक्त्यात त्या घरात लँथॅनम बसला आहे. ग्रंथालयातल्या एका पुस्तकात तेथे ल्युटेशियम आहे. आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेच्या, म्हणजे आययुपॅकच्या, छापील तक्त्यात त्या घरात नुसते '57–71' लिहून पंधराही मूलद्रव्यांची खालच्या ओळीत सोय केली आहे. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने हे पाहिले आणि विचारले, "सर, एफ कक्षकांत चौदाच इलेक्ट्रॉन मावतात, मग खालच्या ओळीत पंधरा मूलद्रव्ये कशी?"

तास संपायला पाच मिनिटे होती. अभ्यासक्रम तुंबलेला. मी म्हणालो, "ते परीक्षेला येत नाही." ती खाली बसली. त्या वर्षी तिने पुन्हा काही विचारले नाही.

हा लेख म्हणजे त्या पाच मिनिटांचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

लँथॅनम आणि ल्युटेशियम या दोघांच्याही सर्वांत बाहेरची इलेक्ट्रॉनरचना सारखीच आहे: 5डीमध्ये एक, 6एसमध्ये दोन. फरक एवढाच की ल्युटेशियमच्या आत 4एफचे चौदा इलेक्ट्रॉन भरलेले आहेत. तेव्हा नुसत्या रचनेवरून निकाल लागत नाही. गुणधर्म पाहावेत, तर यिट्रियम सुमारे 1520 अंश सेल्सिअसला वितळतो, ल्युटेशियम 1650 च्या पुढे, आणि लँथॅनम मात्र 920 च्या आसपास. स्कँडियम, यिट्रियम आणि ल्युटेशियम यांची स्फटिकरचना एकच, लँथॅनमची वेगळी. एवढे ऐकले की ल्युटेशियमच्या बाजूने हात वर करावासा वाटतो. पण जरा थांबा. कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम असे खाली उतरताना आयन जसा मोठा होत जातो, तसाच स्कँडियम, यिट्रियम, लँथॅनम या वाटेने होतो. ल्युटेशियमचा आयन मात्र यिट्रियमपेक्षा किंचित लहानच भरतो, जसे झिर्कोनियमखालचे हॅफ्नियम. म्हणजे या गणाचे सोयरे डावीकडचे मानायचे की उजवीकडचे, यावर उत्तर ठरते.

1982 मध्ये विल्यम जेन्सन यांनी ल्युटेशियमची बाजू जोरदारपणे मांडली. 2015 च्या अखेरीस आययुपॅकने एरिक सेरी यांच्या नेतृत्वाखाली एक अभ्यासगट नेमला. 2021 मध्ये त्यांचा तात्पुरता अहवाल आला. त्यात कौल ल्युटेशियमला होता, पण याचा वस्तुनिष्ठ निवाडा करण्याचे साधन नाही आणि काही भाग संकेताचा आहे, अशी कबुलीही होती. (अहवाल आला म्हणून सीमाप्रश्न सुटत नाही, हे आम्हा बेळगावकरांना कोणी सांगायला नको.)

कोणी म्हणेल, हा तर नुसता मांडणीचा वाद, निसर्गाला त्याचे काय? ठीक आहे. मग आपल्या शिवारातला भुईमूग उपटून पाहा. मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतात, तोही साध्या तापमानाला, साध्या दाबाला. हेच काम हेबर पद्धतीच्या कारखान्यात करायचे तर 400 ते 500 अंश उष्णता आणि सुमारे 200 वातावरणांचा दाब लागतो. जिवाणूंचे हे काम नायट्रोजिनेझ नावाच्या विकरातला एक धातुगुच्छ करतो. त्यात लोहाचे सात अणू, गंधकाचे नऊ आणि मॉलिब्डेनमचा एक. गुच्छाच्या मधोमध कसला तरी हलका अणू आहे हे 2002 मध्ये दिसले. तो कार्बनचा आहे हे कळायला 2011 उजाडले. तो तेथे काय करतो? नायट्रोजन नेमका कोणत्या लोहाला जाऊन बिलगतो? इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन कोणत्या क्रमाने येतात? यावर अजून एकमत नाही. शेतकऱ्याच्या बांधावर रोज घडणारी ही क्रिया आहे, आणि आपल्या पुस्तकात तिला फार तर दोन ओळी मिळतात, त्याही पूर्णविरामासकट.

माझे म्हणणे असे की हे पूर्णविराम आपण फार स्वस्तात देतो. गंधकाच्या हेक्झाफ्लोराइडला 'एस-पी-थ्री-डी-टू' लिहिले की पूर्ण गुण. त्या बंधांत डी कक्षकांचा वाटा नगण्य आहे असे गणिते कित्येक वर्षे सांगत आहेत, पण तसे लिहिणाऱ्याचे गुण मीही उत्तरसूचीकडे बोट दाखवून कापले आहेत.

यावर सहकारी म्हणतात की पोरे गोंधळतील. पण 1962 पर्यंतच्या पोरांना 'निष्क्रिय वायू संयुगे करीत नाहीत' असे गोंधळाविना शिकवलेच जात होते की! व्हँकुव्हरमध्ये नील बार्टलेट यांच्या लक्षात आले की प्लॅटिनमचे हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन काढून घेते, आणि झेनॉनची आयनीभवन ऊर्जा ऑक्सिजनच्या रेणूइतकीच आहे. त्यांनी दोन्ही वायू एकत्र केले आणि पिवळसर घन पदार्थ मिळाला. ते दोन आकडे कोष्टकांत छापलेले होते, कोणालाही वाचता येण्यासारखे. गंमत म्हणजे त्या पहिल्या पदार्थाचे सूत्र सुरुवातीला लिहिले गेले तितके सरळ नव्हते. तो मिश्रणच असावा, असे पुढे मानले गेले.

तेव्हा मी विभागात एक सूचना मांडली आहे. अंतर्गत चाचणीत एक प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर उत्तरसूचीत नाही. पहिलीच हरकत आली: गुण कसे द्यायचे? हरकत रास्त आहे. दहापैकी सहा गुण पुराव्याला, चार युक्तिवादाला, आणि निष्कर्षाला शून्य, असे मी सुचवले आहे. बैठकीत एकमत झालेले नाही.

दरम्यान प्रयोगशाळेचा तक्ता फाटला म्हणून नवा रंगवायला दिला. यिट्रियमखाली काय लिहू, असे पेंटरने विचारले, तेव्हा मी ते घर कोरे ठेवायला सांगितले. खाली पेन्सिल दोरीने बांधली आहे. मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत, कशातही लिहावे. कारण मात्र शेजारी लिहायला हवे.