कडवटपणाचा आकडा आणि रुचीचा आळस

‘रुची ज्याची त्याची’ हे वाक्य वाद मिटवण्यासाठी उच्चारले जाते, आणि बहुधा वाद सुरू होण्याआधीच उच्चारले जाते. कवितेविषयी ते कोणी म्हटले तर साहित्याचा अध्यापक अस्वस्थ होतो, निकषांची भाषा बोलू लागतो. पेयाविषयी म्हटले तर तोच अध्यापक निःशंकपणे मान डोलावतो. जणू जिभेच्या प्रांतात विवेकाला मज्जाव आहे! प्रस्तुत लेखाचा रोख या समजुतीवर आहे, आणि तिच्या जुळ्या बहिणीवरही. ती म्हणते की आवडीनिवडी सोडा, पेल्याला गुण द्या, म्हणजे निर्णय झाला. पहिलीला निर्णय नको आहे, दुसरीला त्याची कारणे नको आहेत. उदाहरण म्हणून हॉप्सच्या गंधाने ओळखली जाणारी अमेरिकन पेल एल घेतो. मद्याचा विषय इथे कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी भरताकडे पाहावे. रस म्हणजे काय हे समजावताना त्याने व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाचा आणि ते चाखणाऱ्या सुमनस माणसांचा दृष्टांत घेतला आहे.

आधी थोडा इतिहास. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बिअरचे कारखाने शंभराच्या आत उरले होते, आणि त्यांतल्या बहुतेकांची बिअर एकाच फिकट, सौम्य वळणाची होती. त्याआधी, १९७२ साली, ओरेगनमधील कॉर्व्हॅलिस येथे चाललेल्या सरकारी संशोधनातून ‘कॅस्केड’ ही हॉप्सची नवी जात लागवडीला आली होती. हॉप्स म्हणजे एका वेलीची शंकूसारखी फुले. कॅस्केडच्या फुलांना ग्रेपफ्रूटच्या सालीचा आणि किंचित राळेचा वास येतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्याने १९७५ साली ‘लिबर्टी एल’मध्ये या वासाला मानाचे स्थान दिले. १९८०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्याच चिको गावी सिएरा नेव्हाडा कारखान्याने आपली पेल एल त्याच्याच आधारावर उभी केली. साचा इंग्रजी पेल एलचा, गंध मात्र स्वतःच्या मातीतला. केशवसुतांनी सुनीत मराठीत आणले तेव्हा जे घडले त्याच जातीची ही घटना आहे.

आता आकड्याकडे वळू. बिअरचा कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात. हॉप्स उकळताना त्यांतील अल्फा आम्लांचे रूप बदलते आणि पेयात कडूपणा उतरतो. एका लिटरमध्ये या बदललेल्या आम्लाचे साधारण एक मिलिग्रॅम म्हणजे एक आयबीयू. सिएरा नेव्हाडाची पेल एल ३८ आयबीयूची आहे. हा आकडा खरा आहे, कारखान्याला उपयोगीही आहे. पण तो चवीविषयी किती सांगतो? इम्पीरियल स्टाउट या काळ्या, दाट बिअरमध्ये तो ५० ते ९० असू शकतो, आणि तरीही ती जिभेला कित्येकदा गोडसर लागते, कारण भाजलेल्या माल्टची भरगच्च बैठक कडूपणाला पोटात घेते. उलट माल्ट अगदी पातळ असेल तर तिशीतला आकडाही कर्कश वाटतो. शिवाय गंधाविषयी हा आकडा पूर्णपणे मुका आहे. हॉप्स लवकर घातले तर उकळीत त्यांची सुगंधी तेले उडून जातात आणि कडूपणा उरतो. उशिरा किंवा किण्वनानंतर घातले तर वास उरतो. वासाने ओळखल्या जाणाऱ्या पेयाची थोरवी आयबीयूने ठरवणे म्हणजे कवितेची थोरवी मात्रा मोजून ठरवणे. मात्रा चुकल्या तर वृत्त बिघडते हे खरे. मात्रा बरोबर आल्या म्हणून कविता होत नाही.

गुणपत्रिकेचे दुखणे याहून सूक्ष्म आहे. बिअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी बीजेसीपी ही अमेरिकन संस्था १९८५ साली सुरू झाली. तिच्या पत्रिकेवर ५० गुण असतात: गंधाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. या पत्रिकेची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. प्रत्येक सदराखाली तिथे वर्णनासाठी ओळी सोडलेल्या आहेत, आणि चांगला परीक्षक त्या ओळी भरतो. दुर्दैव असे की बाजारात आणि चर्चेत पोहोचतो तो फक्त बेरजेचा आकडा. ज्या वाक्यांनी तो कमावला ती मागेच राहतात. आमच्या विद्यापीठीय उत्तरपत्रिकांचे याहून निराळे काय होते?

या आकड्यांच्या व्यवहाराने प्रत्यक्ष पेयाचे नुकसान केले आहे, आणि माझी खरी तक्रार ती आहे. एका बैठकीत दहाबारा पेले ओळीने चाखले जातात, प्रत्येकाचे दोन घोट. अशा वेळी जो पेला सर्वांत मोठ्याने बोलतो तोच लक्षात राहतो. दोनचार कडू पेल्यांनंतर जीभ बधिरते, आणि मग सौम्य पेला नुसता ‘फिका’ ठरतो. त्यामुळे गुणांची चढाओढ तीव्रतेकडे झुकली. अधिक हॉप्स, अधिक अल्कोहोल. पेल एल मात्र दोन घोटांसाठी रचलेली नसते. तिची कसोटी पेला अर्धा झाल्यावर लागते. पहिल्या घोटातला वास तिथे टिकतो का? माल्टचा बिस्किटासारखा गोडवा कडूपणाला साथ देतो का? शेवट स्वच्छ होऊन पुढचा घोट हवासा वाटतो का? तीव्रता हा एक गुण आहे. तिला एकमेव गुण करणारा आस्वादक मुशायऱ्यात टाळ्या मोजून गझल ठरवणाऱ्यासारखा आहे.

म्हणूनच सिएरा नेव्हाडाच्या पेल एलवर ‘ठीक आहे, पण साधी आहे’ असा शेरा ऐकला की मला शेरा मारणाऱ्याचीच परीक्षा घ्यावीशी वाटते. ती साधी वाटते, कारण तिने शिकवलेली भाषा पुढे सगळे बोलू लागले. अभिजात कृतीला तिच्या अनुकरणांच्या गर्दीत उभे करून ‘हिच्यात नवे काय?’ असे विचारणे ही इतिहासाची अनभिज्ञता आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला तरी ती क्षम्य नसावी.

दुसरी उणीव भाषेची आहे. अमेरिकन परीक्षक ‘ग्रेपफ्रूट’, ‘पाइन’ असे लिहितो, कारण ते वास त्याच्या घरातले आणि परसातले आहेत. मराठी आस्वादक तेच शब्द तोंडपाठ म्हणतो, तेव्हा तो चाखत नसतो, पाठांतर करत असतो. पपनसाची साल त्याने सोललेली असते, संत्र्याच्या सालीतून उडणारे तेल डोळ्यांत गेलेले असते. हे शब्द का नकोत? कडू आणि तुरट यांतला भेद तर आपल्या घरोघरी ठाऊक आहे. कारले कडू, कच्चे केळे तुरट. आयुर्वेदाने तिक्त आणि कषाय असे दोन वेगळे रसच मानले. चांगल्या पेल एलमध्ये कडूपणा असतो आणि घोटासोबत तो ओसरतो; जीभ आकसवणारा तुरटपणा मागे रेंगाळत असेल तर बहुधा करण्यात काही बिघडले आहे. ज्याच्या भाषेत हा भेद आयता आहे त्याने ‘जरा स्ट्राँग आहे’ एवढे म्हणून थांबावे, ही शरमेची गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट पाठाची. हॉप्सचा वास अल्पायुषी असतो. उष्णतेत दिवस काढलेली बाटली ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, आणि प्रकाशात राहिलेलीला उग्र दुर्गंधी येते. समुद्र ओलांडून आलेली, उन्हाळ्यात कुठल्याशा गोदामात पडून राहिलेली बाटली चाखून मूळ पेयावर निकाल देणारा हा भ्रष्ट प्रतीवरून कवीला दोष देणाऱ्या संपादकाचा भाऊ आहे. बाटली कधी भरली, कुठे ठेवली, हे आधी विचारावे. पाठनिश्चिती आधी, मूल्यमापन नंतर.

यावर कोणी म्हणेल की एवढे करूनही शेवटी उरते ती आवडच. कांटने १७९० साली रुचणे आणि सुंदर असणे यांत भेद करताना मद्याचेच उदाहरण घेतले आणि रुचण्याला खाजगी ठरवले, हे खरे. पण त्याआधी, १७५७ साली, ह्यूमने ‘डॉन किहोटे’मधल्या सांचोच्या दोन नातलगांची गोष्ट आठवून दिली होती. दारू चाखून एक म्हणाला, चांगली आहे, पण चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणाला, लोखंडाचा. लोक हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली जुनी किल्ली निघाली. मला ही पेल एल आवडत नाही, हे म्हणण्याचा अधिकार कोणीही हिरावणार नाही. परंतु ती आवडत नाही आणि ती वाईट आहे, ही दोन भिन्न विधाने आहेत. दुसऱ्या विधानाला किल्ली दाखवावी लागते.

तेव्हा मागणी एवढीच आहे. गुण द्यायचेच असतील तर शेवटी द्यावेत, आणि त्याआधी निदान तीन वाक्ये लिहावीत: काय आढळले, ते कशामुळे असावे, आणि या जातीच्या पेयाकडून जे अपेक्षित होते त्याच्याशी त्याचे नाते काय. ज्याला ही तीन वाक्ये लिहिता येत नाहीत त्याचा आकडा आपण वाचू नये, मग तो पेल्याखाली लिहिलेला असो वा कवितासंग्रहाखाली.